वॉल्टरचा सत्कार

३ सप्टें. २००५, डेल्फ्ट
खालच्या मजल्यावरचा वॉल्टर अखेर हो म्हणाला! इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पियानो वाजवणार. मनगटाच्या ऑपरेशननंतर लोकांसमोर बसलेलाच नाही. मास्ट्रिख्टचा जुना जॅझ क्लब परत बोलावतोय, पण हा घाबरतो. "आधी तुमच्या लोकांसमोर बघतो, मग त्यांना कळवतो." मी त्याला वाजवायला अख्खा तास कबूल करून बसलेय.

५ सप्टें.
परिचय लिहायला त्याच्याकडे बसले. इंग्लंडात लीड्सच्या पबमध्ये सुरुवात, मग बोटीवरचा बँड, मग एका डच गायिकेपायी इकडे. ती गेली, हा राहिला. रेकॉर्ड दोनच, दोन्हींवर दुसऱ्याचं नाव मोठं. हसत सांगत होता. मलाच राग आला.

८ सप्टें.
स्लोटरडाइक स्टेशनवर ट्रेनची वाट बघताना देशपांडेकाकांचा फोन. मंडळाचे अध्यक्ष! "अगं, पाहुणा माणूस, सत्कार नको का? शाल-श्रीफळ, दोन शब्द." म्हटलं, थोडक्यात करा. "थोडक्यातच गं!"

१० सप्टें., शनि.
शी! आपल्याच लोकांची किळस आली.
आरती लांबली, ते ठीक. मग सत्कार. अध्यक्ष बोलले, सचिव बोलले, माजी अध्यक्षांना राहवेना. स्पॉन्सरच्या बायकोच्या हस्ते शाल. फोटो हलला म्हणून पुन्हा शाल. वॉल्टर मांडीवर नारळ घेऊन मराठी भाषणं ऐकतोय. वाजवायला बसला तेव्हा निम्मा हॉल ताटांच्या रांगेत. तरी काय वाजवलं! डावा हात असा काही चालला की... आणि काका माइकवर, "मंडळी, पुऱ्या गरम आहेत!"
तो तिथेच थांबला. पियानोचं झाकण लावलं. वर काका पाठीवर थाप मारून, "व्हेरी नाइस! नेक्स्ट टाइम हिंदी साँग?" मी वॉल्टरला बाहेर काढलं, नाहीतर तोंडात शिव्याच आल्या असत्या.
ट्रेनमध्ये वॉल्टर एवढंच म्हणाला, "मला वाटलं, वाजवायला बोलावलंय."

१२ सप्टें.
मंडळाची ईमेल. 'ब्रिटिश कलाकाराचा हृद्य सत्कार'. ढीगभर फोटो. एकातही पियानो नाही. हृद्य म्हणे!

१३ सप्टें.
वॉल्टर दार उघडत नाही, फोन घेत नाही. म्हणून संध्याकाळी मास्ट्रिख्टच्या क्लबच्या बाईंनी मला फोन केला. माझा नंबर त्यानेच देऊन ठेवला होता.
"हात कसा आहे त्याचा?"
"उत्तम."
"मग येणार ना?"
फोन चालूच ठेवून जिना उतरले, दार ठोठावलं, ओरडून विचारलं. मग आतून आवाज, "तिथे भाषणं असतात का, विचार."
विचारलं. बाईंना प्रश्नच कळेना.