बांबूच्या सुया, फिकट लोकर

प्रिय खारू,

पत्र तू आईला लिहिलंस आणि उत्तर माझ्या अक्षरात आलं म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. पहिला मफलर विणायचा तर सुया कोणत्या घ्याव्यात आणि लोकर कोणती, एवढाच तुझा प्रश्न. जन्मभर लेथवर लोखंड कापणाऱ्या माणसाला यातलं काय कळतं, असं म्हणशील. पण लेथ तरी मला कुणी शिकवला होता? शेजारच्या मशीनवर नजर ठेवून शिकलो. हेही तसंच शिकलोय आणि नीट शिकलोय. तेव्हा वाद न घालता वाच.

सुया पाच मिलिमीटरच्या घे. बारीक सुयांनी कितीही विणलं तरी टीचभरच होतं आणि नवशिक्याचा जीव रमत नाही. फार जाड घेतल्यास तर मफलर कमी आणि मासे धरायचं जाळं जास्त. दुकानदार चकचकीत धातूच्या सुया गळ्यात मारायला बघेल, त्या घेऊ नकोस. मी स्वतः एक जोडी लेथवर काढली होती. स्टीलची, या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाचा फरक नाही, पॉलिश असं की तोंड दिसावं. टाके घातले, सुई जरा कलती झाली आणि सगळे टाके सर्रकन खाली. आधी मी लोकरीला दोष दिला, मग उजेडाला. शेवटी निमूट जाऊन बांबूच्या आणल्या. बांबू टाका धरून ठेवतो. हात थरथरला तरी सोडत नाही.

लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत, एकरंगी आणि फिकट. तुझ्या मनात तो काळपट जांभळा आहे, तो सध्या विसर. गडद लोकरीत टाका दिसत नाही, आणि केसाळ लोकर एकदा चुकली की उसवता येत नाही. घेण्याआधी लडी गालाला लावून बघ. मानेला टोचणार असेल तर ते गालालाच कळतं. हे कुठे वाचलेलं नाही. गेल्या महिन्यात दुकानात मी चष्मा लावून लेबलं वाचत होतो, तेवढ्यात आईने एकेक लडी उचलून गालाला लावली आणि फिकट आकाशी रंगावर येऊन थांबली. बोटं विसरली होती, गालाला आठवत होतं.

फोनवर मी तुला आई झोपली आहे, आई शेजारी गेली आहे, असं सांगत आलो. ती इथेच असते, माझ्या समोरच्या खुर्चीत. ती नावं विसरते, गॅस बंद करायला विसरते, एवढं तुला ठाऊक आहे. विणणंही गेलं, हे मी सांगितलं नव्हतं. बरं वाटेल म्हणून तिचाच अर्धा राहिलेला स्वेटर कपाटातून काढून तिच्या हातात दिला. तिने तो उलटून पालटून पाहिला, वीण नखाने चाचपली आणि म्हणाली, की या बाईचा हात फार सुरेख आहे, ती मला शिकवेल का. मग ती बाई मीच झालो. तो स्वेटर समोर ठेवून आधी मी शिकलो, आता रोज दुपारी तिला शिकवतो. ती मला मास्तर म्हणते, आणि मास्तर नीट शिकवत नाहीत ही तक्रारही माझ्याकडेच करते.

सुरुवातीला ती जरा आडवी झाली की तिच्या मफलरातलं चुकलेलं मी उसवून सरळ करून ठेवायचो. माझा स्वभाव तू जाणतेस. एक दिवस तिने मफलर हातात घेतला आणि बराच वेळ बोटाने काही शोधत राहिली. इथे एक भोक होतं, ते मी केलं होतं, असं म्हणाली. त्या दिवशी सुयांना हात लावला नाही तिने. तेव्हापासून मीही तिच्या कामाला हात लावत नाही. मफलर मध्ये फुगलाय, कडेला आखडलाय, जागोजागी भोकं आहेत. माझ्या हाताखालून एवढं वाईट काम कधी पुढे गेलेलं नाही. कुणासाठी विणतेस विचारलं तर सांगते, आमच्या मुलीला शाळेत जाताना थंडी वाजते.

काल तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. आईला विचारणारी ही मुलगी कोण, ते काही तिला कळलं नाही. पण बिचारीला ताटकळत ठेवू नका, म्हणाली. तिलाही येत नाही, मलाही येत नाही, तर तिला बोलावूनच घ्या, दोघी बरोबर शिकू. भिंतीवरच्या फोटोतली दोन वेण्यांची तू तिला अजून ओळखू येतेस. समोर उभी राहिलीस तर ओळखेल का, ते मला सांगता येत नाही, आणि थांबलं तर ओळखण्याची शक्यता वाढेल असं काही नाही. मी आजवर कुणाला ये म्हणून गळ घातलेली नाही, तुला तर नाहीच. म्हणून तीन पानं सुया आणि लोकर यांवर घालवली. तिथे काही विकत घेऊ नकोस. बांबूच्या सुयांची दुसरी जोडी आणि आकाशी लोकरीच्या लडी आणून ठेवल्या आहेत, तिच्या शेजारी खुर्चीही ओढून ठेवली आहे. ये.

तुझाच,
बाबा