मोरीकडचा ढाळ

असोदा, ९ नोव्हेंबर

ती. सुलक्षणाअक्कास,
नवलचा सा. न. वि. वि.

टाकीतलं पाणी एका कडेला बोटभर चढलेलं दिसलं, त्या क्षणी माझं सगळं बिनसलं. फोनवर सांगायला तोंड नाही, म्हणून लिहितो.

सारिकाच्या माशांच्या टाकीसाठी मी घरी लाकडी स्टँड केला होता. कॉलेज सोडलेला पोरगा काहीतरी करू शकतो, हे तिच्या वडिलांना, अभिमननानांना, दाखवायचं होतं. आपल्या ओट्यावर स्टँडवर पाणसळ ठेवून सपाटी बघितली, तेव्हा तिच्यातला बुडबुडा बरोब्बर मधोमध होता. त्यांच्या घरात टाकी भरली, तर पाणी तिरकं! नाना हसले आणि माझं डोकं सटकलं. चारचौघांत म्हणालो, की स्टँड सरळच आहे, ही फरशी कोण्या आंधळ्यानं बसवली? सारिका गुपचूप मासे बादलीत काढायला लागली. मी दार आपटून निघालो. शेजारच्या कौतिकभाऊंनी गल्लीत गाठून सांगितलं, की फरशी खुद्द नानांच्या हातची आहे.

लोभ उरला असेल तर ठेव.
नवल


धुळे, १२ नोव्हेंबर

चि. नवल यास,
अक्काचे अ. उ. आशीर्वाद.

आधी हसले, मग कपाळाला हात लावला. अरे येड्या, धुतलेलं पाणी मोरीकडे पळावं म्हणून फरशीला ढाळ देतातच. लहानपणी आपल्या घरात तुझ्या गोट्या अशाच ढाळावरून मोरीत जायच्या आणि तू लाथा फरशीला मारायचास. कॉलेजही असंच सोडलंस.

स्टँडच्या मोरीकडच्या दोन पायांखाली काहीतरी सरकव आणि नानांपुढे मान खाली घाल. सारिकाला मध्ये ओढू नकोस. वेळेवर जेवत जा. माया आहेच, राग आवर.
अक्का


असोदा, १५ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न.

गेलो होतो. नानांनी नेहमीसारखं बस म्हटलं, तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलो म्हणालो. ते म्हणाले, की सारिकाच्या आईला शेवटी शेवटी वाकता येत नव्हतं. नुसतं पाणी ओतलं की आपोआप जावं, म्हणून त्यांनी ढाळ जरा जास्तच ठेवला.

उरलेल्या फरशीचे तुकडे त्यांनीच घरामागून आणून दिले. मी ते पायांखाली सरकवले. सारिकाने मासे सोडले, माझ्याकडे बघितलं नाही. नाना पाण्याची पातळी बघून म्हणाले, की आते बठ्ठं सरळ शे. मग सारिकाने फरशीवर सांडलेल्या पाण्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ते स्टँडखालून निमूट मोरीकडे गेलं.

सारिकाशी लग्नाचं विचारायचं ठरवून गेलो होतो. कुठल्या तोंडाने विचारणार?

अक्का, तुझी माया आहे तशी राहू दे. मी चपला हातात घेऊन बाहेर आलो आणि कडीसुद्धा वाजणार नाही असं दार ओढून घेतलं.

तुझा,
नवल