भाऊजींचा दांडा आणि पलीकडची भिंत

दारव्हा,
संक्रांतीनंतरचा सोमवार

चि. सलील यास मंजूताईचे अनेक आशीर्वाद. पुण्याची थंडी मानवते ना? खोकला गेला का? इथे सगळे सुखरूप आहेत, म्हणजे भिंत सोडून.

भाऊजींच्या बीपीसाठी तू पाठवलेला लटकायचा लोखंडी दांडा पोचला. दोन हमालांनी मिळून उतरवला. (फाटक बसवून राह्यल्या का, असं विचारून गेले.) कापसाचा भाव पडल्यापासून खरेदी केंद्रावर प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून दिवसभर शिव्या खायच्या आणि घरी येऊन गप्प बसायचं, एवढंच ह्यांचं चाललं होतं. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, तू दांडा पाठवलास, आणि भोगते आहे मी.

मिस्त्रीची वाट पाहायला ह्यांना धीर नव्हता. भिंतीत लाकडी गुट्ट्या ठोकल्या, स्क्रू पिळले आणि लटकले. भिंत जुन्या विटांची, आत निम्मी माती. दांडा, गिलावा आणि तुझे भाऊजी, तिघेही मी निवडत बसलेल्या तुरीच्या डाळीवर आले. कंबर ह्यांची लचकली, पण डाळीतले खडे अजून मीच वेचते आहे.

मग हार्डवेअरवाल्याने सांगितलं की अशा भिंतीला बोल्ट आरपार हवेत, पलीकडून लोखंडी पट्टी लावून नट आवळायचे. पलीकडे म्हणजे खेमसिंगभाऊंचं स्वयंपाकघर. मागच्या हंगामात ह्यांनी त्यांचा कापूस दुसऱ्या प्रतीत घातला, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. (कापूस ओला होता हे खरं. पण शेजाऱ्याचा होता, हेही खरंच.) मी म्हटलं, आधी जाऊन विचारा. हे म्हणाले, आधी भोक तर पाडू.

ड्रिल निघालं ते थेट खेमसिंगभाऊंच्या बायकोच्या, हंसाबाईंच्या, फळीवर. बेसनाचा डबा पडला. केसांत बेसन घेऊन त्या आमच्या दारात आल्या आणि वर्षभरातलं पहिलं वाक्य बोलल्या, "तुमच्या घरातून आमच्या घरात काय येऊन राह्यलं?"

मागोमाग खेमसिंगभाऊ. त्यांनी भोकात बोट घातलं, भिंत ठोकून पाहिली आणि ह्यांना टाळून मला म्हणाले, "वहिनी, हे काम तं दुसऱ्या प्रतीचं बी नाही."

हे पुटपुटले, "कापूस ओला होता, भाऊ."

"होता. पण मान वर करून सांगतलं असतं तं मले राग नसता आला."  मग खेमसिंगभाऊच म्हणाले, "लावा पट्टी. पण सकाळी मी बी लटकीन."

पट्टी लागली. दांडा आता हत्ती टांगला तरी हलायचा नाही. रोज उजाडलं की भाऊ हजर. लटकतात थोडं, बसतात फार. तुझे भाऊजी शेजारी बसून दांड्याकडे नुसते पाहतात, आणि मी चहाचं आधण चुलीवरून उतरवत नाही. बीपी आता माझं तपासायला हवं.

तुझी,
मंजूताई

ता. क. : त्याच बोल्टांवर पलीकडूनही एक दांडा बसतो म्हणे. असाच आणखी एक तातडीने पाठव, म्हणजे भाऊ आपल्याच घरी लटकतील. पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच.

पुन्हा ता. क. : पाठवू नकोस. आज सकाळी पाकीट चिकटवायला बसले, तर दोघं भिंतीला टेकून कशावर तरी हसत होते. ह्यांना हसताना मी शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही. दांडा राहू दे, चहापत्ती पाठव. बरीच पाठव.