मायचे एक्केचाळीस कच्चे फोटो

विरुपाक्ष फोटो स्टुडिओ,
किल्ले धारूर, जि. बीड.
८ डिसेंबर २००८

तीर्थस्वरूप राजेश्वर दाजींना केदारनाथचे शरणु शरणार्थी.

तुमची कंबर आता कशी आहे? अक्काचं पित्त कमी झालं का? स्वप्नालीच्या परीक्षेचं काय झालं ते कुणीच कळवलं नाही, म्हणजे फार चांगलं झालं नसावं. पोरीला रागावू नका. इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर मी लई बेजार आहे.

कारण तुम्हाला माहीत आहे. येत्या पौषात मायला जाऊन वर्ष होतं, आणि बैठकीत आप्पांच्या फोटोशेजारी अजून नुसता खिळा आहे. धारूरच्या तमाम मयतांचे फोटो गेली सव्वीस वर्षं मीच मोठे करून देतो (सुरकुत्या काढून, मागं निळं आभाळ टाकून, ज्यांनी जन्मात कोट घातला नाही त्यांना कोट घालून), आणि माझ्याच आईचा फोटो माझ्या हातून होईना. अक्काचा दर रविवारी फोन येतो, फोटो झाला का म्हणून. मी सांगतो, सॉफ्टवेअरचा घोळ आहे. तुम्ही कॉम्प्युटरवाले, म्हणून तो घोळ तुम्हाला सविस्तर लिहितो. अक्काला काय कळणार आणि मला तरी काय कळतंय!

मूळ चूक माझीच. गेल्या वर्षीच्या दिवाळीत नवा डिजिटल कॅमेरा आणायला औरंगाबादला गेलतो, तेव्हा दुकानदारानं सांगितलं की फोटो रॉमध्येच काढा, रॉ म्हणजे कच्चा फोटो, डिजिटलची निगेटिव्हच समजा, पुढं पाहिजे तसा धुऊन घ्या. निगेटिव्ह म्हटल्यावर मी विरघळलो. घरी आलो तर माय ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिचे एक्केचाळीस फोटो काढले. तेच शेवटचे. पुढं दीड महिन्यात ती अंथरुणाला लागली आणि मग कॅमेरा कुणाला सुचतो?

आता हे कच्चे फोटो उघडायचे कशात? स्टुडिओतल्या जुन्या प्रोग्रॅमनं सरळ सांगितलं, ही फाइल मी ओळखत नाही. मायला ओळखत नाही! अहो, बाजाराच्या दिवशी तिला रामराम घातल्याशिवाय कुणी भाजीवाला पाटी खाली ठेवत नव्हता. मग कॅमेऱ्याच्या डब्यात आलेली सीडी घातली. एक फोटो उघडेपर्यंत सत्यभामेच्या चार भाकरी होतात, आणि उघडला तर मायचा चेहरा हिरवागार. सत्यभामा म्हणाली, "आत्याबाईला कावीळ न्हवती हो." (कावीळ पिवळी असते हे मी तिला सांगितलं नाही. भांडायची ताकद राहिली नाही.)

गहिनीनाथनं (बसस्टँडमागं कॉम्प्युटर क्लास चालवतो, सगळी सॉफ्टवेअरं त्याच्याकडं फुकट, कुठून येतात विचारायचं नाही) एक नवीन टाकून दिलं. म्हणाला, एक बटण दाबा, फोटोवरची धूळ, डाग, सगळं आपोआप साफ. दाबलं. त्यानं मायच्या कपाळावरची विभूती पुसून टाकली. साठ वर्षं रोज सकाळी लावलेली विभूती, एका बटणात धूळ ठरली! पदरावर माशी बसली होती, ती मात्र जशीच्या तशी ठेवली. मी कॉम्प्युटर बंद केला आणि दोन दिवस स्टुडिओ उघडला नाही.

शेवटी तुम्ही सांगितलेलं घेतलं, फोटो दुरुस्तही करतं आणि जपूनही ठेवतं ते. पहिल्या तीस दिवसांसाठी फुकट. रोज सकाळी उघडलं की आधी सांगायचं, आता एकवीस दिवस राहिले, आता वीस. डॉक्टरांनीसुद्धा मायबद्दल इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. वर प्रत्येक फोटोला तारे द्या म्हणतं, एक ते पाच, म्हणजे चांगला-वाईट निवडता येतो. आता आईला तीन तारे कुठल्या तोंडानं देऊ? सगळ्या एक्केचाळीसांना पाच-पाच दिले, आणि निवड राहिली ती राहिलीच. एवढ्यात मुदत संपली. फोटोंच्या चार सीड्या करून ठेवल्यात. सत्यभामेनं ज्वारीत घालतात तसा त्यांच्या डब्यात कडुलिंबाचा पाला घातलाय. असू दे म्हटलं.

असं सगळं आहे. कंबरेला जपा. जड उचलू नका.

आपला मेहुणा,
केदारनाथ

ता. क. कोणतं सॉफ्टवेअर विकत घ्यावं ते तुम्हीच ठरवा आणि पौषात येताना पुण्याहून घेऊन या.

आणखी ता. क. दाजी, एवढं अक्काला वाचून दाखवू नका. वर लिहिलेलं सॉफ्टवेअर आणायची काही गरज नाही. तुम्ही सांगितलेल्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो दसऱ्यालाच झकास आले. विभूतीच्या तिन्ही रेघा मोजून घ्याव्यात इतके स्वच्छ. भानगड अशी, की एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फोटोंत मायचं तोंड उघडं आहे. मी फोटो काढतोय आणि तिचं चालूच, "कावून काढायलास रे खामखा? मी काय नवरी हाय का? ताट वाढलंय, ऊठ, आधी गिळून घे." अक्काला भिंतीसाठी तोंड मिटलेली, शांत माय पाहिजे. रीत तीच आहे; मी स्वतः कितीजणांची तोंडं मिटवून दिलीत. मायचंही मिटवलं, तीनदा. काम असं झालं की कुणाला पत्ता लागू नये. तिन्ही वेळा पुसून टाकलं. कुणीतरी भली बाई वाटत होती, आपली माय वाटत नव्हती.

मला भिंतीवर बोलणारीच माय लावायची आहे. अक्काला तुम्ही समजवा. मला जमणार नाही, मी फोनवर रडेन. तिला एवढंच म्हणा, गप्प बसलेली माय आठवून बघ. ती गप्प होती तो एकच दिवस, आणि त्या दिवशी मी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता.