पटका आणि शीळ

आबा, मला अक्षर येत न्हाई, म्हणून मी सांगतेय आन् सून लिहून घेतेय. तिचा हात आज जड हाय. तिची लेक, माझी नात, सकाळी उसाची ट्रॉली घेऊन पाटसच्या कारखान्यावर गेलीय, एकटी. केस कापलेत, अंगात शर्ट-पँट. दिवस कलला तरी आली न्हाई, आन् फोन लागत न्हाई.

तुमचा पटका आठवतोय. घोड नदीच्या काठानं मेंढरं घेऊन हिंडायचो, तवा तुम्ही माझे केस कापून मला पटका बांधलात. "कुणी विचारलं तर पोरगा म्हणायचं." मग काय, मी झाडावर चढतेय, काठी फिरवतेय, टेकाडापलीकडून शीळ घालतेय. शीळ ऐकली की तुम्हाला कळायचं, लेकरू धड हाय. वाटेवरची माणसं म्हणायची, "पोरगं मोठं धीट." मग मला न्हाण आलं. तुम्ही पटका सोडलात, आईनं लुगडं नेसवलं. सवयीनं शीळ घातली, तर तुम्ही ओरडलात, "बाईमाणसानं शीळ घालू नये. मान खाली घाल." मेंढरं मात्र रोजच्यासारखी वळून आली. त्यांना काय फरक कळला न्हाई, माणसांनाच तेवढा कळला. मान तीच, पाय तेच. कालचा धीट पोरगा म्हंजी नुसतं एक कापड हुतं व्हय?

काल तिला एकटीला धाडायचं का, ते लेकानं माझ्यावर टाकलं, "आई म्हणंल तसं." नात बघत हुती. जिभेवर तुमचंच आलं, मान खाली घाल. ते गिळलं आन् म्हणाले, "जा. कारखान्याच्या रांगेत कुणी तुझ्या लग्नाचं काढलं, तर म्हणावं आधी भरली ट्रॉली मागं घेऊन दाखव." ती हसली, मीबी हसले. आता वाटतंय, तिथं सगळे बाप्येच. कुणी अडवलं तर? मला निदान पटका हुता, ती शर्ट-पँटीत असली तरी पोरगी म्हणूनच गेलीय. तुम्ही त्या दिवशी रागावला नव्हता आबा, भ्याला हुता. आज कळतंय.

सून विचारतेय, हे पाठवायचं कुठं. म्हटलं, आबा आता कुठं हायत, ऱ्हाऊ दे डब्यात. आन् एवढं लिही: शीळ मी विसरले न्हाई, सासरी कुणाला कळू दिलं न्हाई इतकंच. तिचा हात थांबला. म्हणाली, "आत्याबाई, मग घाला की. रस्त्यावर असली तर ऐकंल."

दोनदा ओठ केले. तोंड कोरडं पडलंय, आबा. नुसती हवा निघतेय.