वरच्या बाईंच्या दाराबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा सुतारकाम (गुडघ्यांनी रजा घेतल्यापासून बंद), असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, हात थोडा कापतो, आणि हे लिहायला मला कोणी बसवलेलं नाही. उलट मुलगा म्हणतो, "बाबा, आत्ता कशाला?" मग कधी, ते काही तो सांगत नाही. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं वाचन बायबलवर आणि पुड्यांच्या कागदांवर झालं. वकिलांनी मसुदा करून दिला होता, पण त्यात मी कुठे सापडेना. म्हणून कायद्याला लागतं तेवढं त्यांचं ठेवून बाकी माझ्या शब्दांत लिहितो. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

आत्मा देवाचा आहे, तो त्याच्याकडे जाईल. त्याची वाटणी करण्याचा अधिकार मला नाही. बाकीची व्यवस्था येणेप्रमाणे.

कलम १. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. रस्त्याकडची कामाची खोली सोडून ते सर्व मुलाला द्यावं. बँकेतली शिल्लकही त्यालाच. पुढच्या खोलीची खिडकी जोरात लावू नये, काच सैल आहे. सुताराच्या घरची खिडकी आहे, समजून घ्यावं.

कलम २. रंधे, पटाश्या, करवती, गुण्या ही सर्व हत्यारं गल्लीच्या टोकाच्या सुताराला द्यावीत. मुलगा हातोडा उलटा धरतो, त्याला देऊन उपयोग नाही. टोकाचा सुतार माझी गिऱ्हाइकं पळवतो असं मी वीस वर्षं म्हणत आलो. त्याने पळवली नाहीत. तो सांगितल्या दिवशी काम देतो, म्हणून ती आपण होऊन गेली. माझी शिडी मेहुण्याकडे आहे. चौदा वर्षांपूर्वी 'उद्या आणून देतो' म्हणून नेली. ती त्यालाच राहू द्यावी. वारसांनी त्या उद्याची वाट पाहू नये.

कलम ३. रस्त्याकडची कामाची खोली शेजारच्या वरच्या मजल्यावरील बाईंना, म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्या निवृत्त बाईंना, त्यांच्या हयातीपर्यंत विनाभाडे राहण्यास द्यावी. मुलाला ती दुकानासाठी द्यायची आहे, हे मला माहीत आहे. तरीही द्यावी. कारण लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी चर्चचं पुढचं दार कुजलं. नवीन दार मी करून देतो म्हटलं, मजुरी घेणार नाही म्हटलं. दोन झडपांचं दार, सात महिने लागले. तेवढ्यात बाई तीनदा माझ्याकडे आल्या. त्यांच्या घराचं दार अडकायचं, बाहेरून दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय लागायचं नाही, आणि ओढायची मूठ सैल झाली होती. कड तासायची, दोन स्क्रू बसवायचे. अर्ध्या तासाचं काम. तिन्ही वेळा मी एकच सांगितलं, "बाई, देवाचं काम चाललंय. ते आधी."

चौथ्यांदा त्या आल्या नाहीत. दार ओढताना मूठ हातात आली आणि त्या जिन्यावरून खाली गेल्या. मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून काठी.

चर्चचं दार छान झालं. पाळकांनी सगळ्यांसमोर माझा हात धरला. बाई शेवटच्या बाकावर बसतात, मी पहिल्या. मी मागे वळून बघत नाही आणि उपासना संपली की बाजूच्या दाराने निघतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. मुख्य आज्ञा दोन आहेत, देवावर प्रेम करायचं आणि शेजाऱ्यावर करायचं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. पहिली सोपी गेली. देव दिसत नाही, मधेच येऊन काम अडवत नाही, असं वाटायचं. आता वाटतं, तीनदा आला होता.

म्हणून ही खोली. तळमजल्याची आहे, उंबरठाही बसका आहे.

कलम ४. माझं मनगटी घड्याळ सुनेला द्यावं. घरात ती चांगली आहे, पण रविवारी चर्चला हटकून उशिरा येते. पहिलं गाणं संपलं की दार वाजतं. दार मीच केलेलं, त्यामुळे आवाज बरोबर कळतो. मी तिला पुष्कळदा बोललो. घड्याळाचं तरी ऐकेल.

कलम ५. मला साध्या फळ्यांच्या पेटीत पुरावं. पेटी मीच केली आहे, माळ्यावर आहे. सध्या तिच्यात जुन्या गोधड्या आहेत, त्या आठवणीने काढून घ्याव्यात. चर्चच्या दारावर माझ्या नावाची पितळी पाटी लावायचा मुलाचा विचार कानावर आला आहे. लावू नये.

इथवर चार तारखेला लिहून झालं. कागद वाया घालवायचा नाही म्हणून पुढचं त्याखालीच लिहितो.

त्याच दिवशी मी बाईंना बोलावून घेतलं. सून त्यांना धरून घेऊन आली. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर साक्षीदार म्हणून येऊन बसले होते. मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर कलम तीन वाचताना मला बरं वाटत होतं.

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, ही खोली मला मिळायला तुम्ही मरायला पाहिजे. मग आता मी प्रार्थनेत काय मागायचं?"

डॉक्टर खोकल्यासारखं करून हसले.

"आणि माझं दार तसंच आहे," बाई म्हणाल्या. "मुठीच्या जागी तुमच्या सुनेने दोरी बांधून दिलीय. दर वर्षी बदलते."

मी म्हटलं, "गल्लीच्या टोकाला सुतार होता की. त्याला का नाही बोलावलंत?"

"तुमच्या भिंतीला भिंत लावून राहते मी. दुसरा सुतार बोलावला असता तर गल्लीत तुमची काय राहिली असती?"

अकरा वर्षं मी तोंड चुकवत होतो, आणि त्या माझी लाज राखून दोरी ओढत होत्या.

मग त्यांनी विचारलं, "हे घड्याळाचं काय?"

"ती उशिरा येते."

"जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. एका पायरीला मला किती वेळ लागतो ते बघा आणि एकोणिसाने गुणा. रविवारी मला खाली कोण आणतं, असं वाटलं तुम्हाला?"

मी सुनेकडे पाहिलं. "मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे, बाबा? नुसते रागावलात."

"सही कुठे करायची?" बाईंनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नका करू. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही."

"म्हणूनच करते," बाई म्हणाल्या. "पण आज नाही. आधी दार करा, मिस्त्री. मेल्यावर खोली म्हणजे वरातीमागून घोडं. दार मला आत्ता पाहिजे."

तेव्हा हा कागद मी बाजूला ठेवला. अर्ध्या तासाचं काम होतं, त्याला नऊ दिवस लागले. चौकट खालून कुजली होती आणि एकोणीस पायऱ्या मला दिवसातून एकदाच चढवतात. रंधा सून आणायची. एका बाजूचं लाकूड नवीन घातलं, कड तासली, बिजागऱ्या बदलल्या, मूठ चार स्क्रूंनी बसवली. दोरी बाईंनी माझ्या हातात दिली. ती मी कामाच्या खोलीत खिळ्याला टांगली आहे. कोणी फेकू नये.

सबब वरील व्यवस्थेत पुढील बदल करतो.

कलम ३ रद्द. कामाची खोली सुनेला द्यावी, तिच्या एकटीच्या नावे. तिथे कोणाला राहू द्यायचं ते ती ठरवील. मुलाने दुकानाचा विषय काढू नये.

कलम ४ रद्द. घड्याळ मुलाला द्यावं. बायकोला उशीर का होतो, हे त्यानेही कधी विचारलं नाही.

कलम ५ कायम. पाटी लावू नये.

उद्या रविवार आहे. चाळीस वर्षांत मी पहिलं गाणं चुकवलेलं नाही, ते उद्या चुकेल. बाईंना खाली आणायला एका बाजूने सून, पुढे त्यांची काठी घेऊन मी, असं ठरलं आहे.

हे सर्व वाचून, समजून, खुशीने सही करतो.

ठिकाण: राहतं घर, कामाची खोली
तारीख: चौदा मार्च दोन हजार सव्वीस, शनिवार
सही (हात कापल्याने वाकडी, पण माझीच)

साक्षीदार पहिला: डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. लिहून देणार यांना तपासलं. बुद्धी शाबूत. जिना चढू नये असं सांगितलं आहे, ऐकत नाहीत.

साक्षीदार दुसरी: शेजारीण, वरचा मजला. मला यातलं काही नको. दार एका हाताने उघडून आणि लावून पाहिलं. लागतं. मग सही केली.