तेवीस कॅसेटी आणि एक पॉज बटण

बुध. ३ नोव्हें. ०४, अप्पर हट (लेकीचं गाव)
वारा बेफाम. सौ.ची हिरवी साडी दोरीवरून उडून शेजारच्या वॉल्टरच्या लिंबावर. आणायला गेलो तो दीड तास तिथेच. वॉल्टर मूळचा अमेरिकेचा, बायको पेगी इथली. म्हातारपणी तिच्या माहेरी येऊन राहिले, दोन वर्षांपूर्वी ती गेली. टेबलावर तेवीस कॅसेटी. तिकडे असताना स्वयंपाकघरातल्या रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवून त्याने आपल्या बेसबॉल टीमची कॉमेंट्री भरून घेतलेली. आता टीमचं पत्र आलंय. रेडिओवरच्या कॉमेंट्रीचा इतिहास करताहेत, स्वतःच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या म्हणे, तर कुणाकडे काही आहे का?
म्हटलं, द्या इकडे. तेहतीस वर्षं रेडिओत ड्यूटी ऑफिसर होतो. कुणी खोकलं, कागद फडफडला, दहा सेकंद शांतता पडली, की लॉगबुकात नोंद. परतीचं तिकीट १७ डिसें.चं. तोवर लेकीच्या, मेघनाच्या बागेतल्या गोगलगायी उचलण्यापेक्षा हे बरं.
साडी आणायची राहिलीच. सौ. बोलली.

शुक्र. ५
खेळ कळत नाही. चेंडू तीनदा हुकला तर आउट, आणि हे प्रोफेशनल! कॉमेंटेटर मात्र तिघे पक्के ओळखू येतात. नावं कळेपर्यंत माझी नावं: खर्ज, घाई आणि बिअर (जाहिराती स्वतःच वाचतो). खर्ज उत्तम. आमच्याकडे असता तर बातम्यांना बसवला असता.

रवि. ७
रेकॉर्डिंग भयंकर. कपबशा, नळ, कुत्रा, मधेच एक बाई बोलते. खर्ज तर अर्धा अर्धा मिनिट गप्पच! आमच्याकडे मेमो मिळाला असता. ठरवलं, अशी द्यायची नाही. मेघनाच्या दोन डेकच्या टेपरेकॉर्डरवर कॉपी, एक बोट पॉजवर. बाई आली, दाब. शांतता आली, दाब. दीड तासाचं काम चाळीस मिनिटांत बसवलं. हात अजून विसरलेला नाही.

बुध. १०
चार झाल्या. मूळ कॅसेटी मोकळ्या पडल्या, माल चांगला. सौ. कधीची मागे लागली होती, नातीसाठी अथर्वशीर्ष आणि रामरक्षा भरून ठेवा. चारही पुसून त्यांवर तिच्याच आवाजात भरली. शेवटी कुकरची शिट्टी आली, ते पुसून पुन्हा. सगळ्या कॅसेटी ज्या त्या डबीत घातल्या, शिस्त म्हणजे शिस्त.

शुक्र. १२, लक्ष्मीपूजन
वॉल्टरकडे फराळ. सोबत त्याच्या कॅसेटींचा खोका आणि चार साफ कॉप्या. चकली त्याला आवडली. कानातलं मशीन काढून खाल्ली, आवाज फार होतो म्हणाला.

शनि. १३
सकाळीच वॉल्टर दारात, हातात टेपरेकॉर्डर. हसत होता. "अनंत, देअर्स अ लेडी प्रेइंग इन द फिफ्थ इनिंग." मीही हसलो. ज्या त्या डबीत! सौ.ची रामरक्षा त्याच्या खोक्यात गेली.
मग म्हणाला, "सो व्हेअर इज पेगी?"
ती मधे बोलणारी बाई. माझ्या वहीत ती सतरा वेळा 'व्यत्यय' म्हणून आहे.
सांगितलं. चार पुसल्या. तो म्हणाला, "नो वरीज." घर जळलं तरी इथे हेच म्हणतात, तोही शिकलाय. टेपरेकॉर्डर इथेच विसरून गेला.

रवि. १४
लाज वाटते. जेवण नको म्हटलं. सौ. म्हणाली, "एकेचाळीस वर्षं माझंही असंच. मी बोलायला लागले की तुमचं बोट."
कधी असं… जाऊ दे. खरं आहे.

मंगळ. १६
टेपरेकॉर्डर पोचवायला म्हणून गेलो, माफी मागितली. "सिट. नो बटन्स." हात मांडीखाली घालून बसलो. खर्ज रंगात आलेला आणि पेगी विचारतेय, शेवटचा बटाटा कुणाला हवाय. हा "श्श". ती: "मला कशाला गप्प करतोस, त्याला थोडंच ऐकू जातंय!" वॉल्टर हसता हसता रडला. मग खर्ज गप्प. नळ, भांडी, ती गुणगुणतेय. तो गप्प बसला की तिची पाळी, असं त्यांचं चालायचं.
निघताना कळलं ते वाईट. एकदा हा फोनवर होता, तेव्हा याचं काही हुकू नये म्हणून पेगीने एक अख्खी इनिंग स्वतः कॉमेंट्री केली होती. ती कोणत्या कॅसेटवर, हे त्याला आठवत नाही. "तू ऐकलीस का त्या चारांत?"
माहीत नाही. बाईचा आवाज आला की मी ऐकत नव्हतो, बटण दाबत होतो.
आजची धरून एकोणीस राहिल्यात. आठवड्याला दोनच, मंगळ-शनि. जास्त त्याला झेपत नाही.

शनि. ४ डिसें.
सहा झाल्या. नाही. सौ.ही येते आता, स्वेटर विणत बसते. वॉल्टर तिला रामरक्षेचा अर्थ विचारत होता. तिने इंग्रजीत सांगितला, वीस मिनिटं. मी मधे बोललो नाही. फार जड गेलं.

शनि. ११
आठ झाल्या. नाही.
रात्री जेवताना मेघनाला म्हटलं, व्हिसा वाढतो का बघ.
"बाबा, तुम्ही तर जायचे दिवस मोजत होतात!"
अकरा कॅसेटी आहेत म्हटलं. सापडली तर दोघेही सुटलो. नाही सापडली तर मीच पुसली हे नक्की होईल, आणि ते नक्की होताना त्याच्या शेजारच्या खुर्चीत मी असायला हवा. पुण्यात बसून फोनवर ऐकायची गोष्ट नाही ही.
मंगळवारी नववी.